योहानला गेलेलं कार्ड

रवि., ५ एप्रिल १९६४
मोहाची फुलं वेचायला सगळं गाव पहाटेच रानात, म्हणून उपासना अकरापर्यंत लांबली. आलेली माणसं डुलक्या घेत होती. मीही. मग योहानचं पत्र वाचायला काढलं आणि सगळे जागे झाले.
धाकटा भाऊ माझा, रंगूनच्या चर्चचा पाळक. दोन वर्षं तिथे लष्कराचं राज्य, टपाल फोडतात. पत्र एका परतलेल्या गुजराती दुकानदाराने कोटाच्या अस्तरात शिवून आणलं, नवापूर स्टेशनवर हाती दिलं. योहानने देवळात उभं राहून सांगितलंय: दर शुक्रवारी उपास करा, शिपायांसाठीही प्रार्थना करा, कुणावर हात उचलू नका, पण राज्य लोकांना परत द्या हे म्हणत राहा. रतनजी, आमच्या मंडळीतले वडील पंच, रडले. इथेही शुक्रवार धरायचं ठरलं. मला अभिमान वाटला, फार.
शेवटची ओळ: ‘दादा, उत्तरात यातलं एक अक्षर नको. फक्त ख्यालीखुशाली.’ ती वाचली नाही. माझ्यापुरती होती.

शुक्र., १० एप्रिल
पहिला उपास. शाळेत पाढे घेताना पोटात कावळे. सौ. म्हणाली, “तुम्ही भाकर नाही खाल्ली म्हणून तो जनरल हलणार?” प्रार्थना करतो, पण आत काही पेटत नाही. वय झालं.

मंगळ., २१ एप्रिल
बाजारात रतनजी भेटले, खुशीत. टपालवाल्याकडून योहानला कार्ड लिहून घेतलं, मंडळीच्या नावाने. मजकूर: तुझं पत्र देवळात वाचलं, सगळे रडले, आम्हीही तुझ्यासारखाच शुक्रवार धरलाय, लष्कराचं राज्य जावो. पत्ता मंडळीच्या नाताळ-शुभेच्छांच्या वहीतला.
उघडं कार्ड!
“लिफाफ्यात का नाही घातलंत?”
“लिफाफा कसाले, मास्तर? आपलं काय चोरीनं शे का?”
इथे कार्ड असंच येतं. टपालवाला ओट्यावर बसून मोठ्याने वाचतो, आधी शेजारी ऐकतात, मग घरचे. लिफाफा आला की कुणीतरी गेलं किंवा कोर्टाचं लचांड. धावत पोस्टात गेलो. थैली सकाळच्याच सुरत गाडीने रवाना.
“काय चुकनं मन्हं?” रतनजी मागून विचारत होते.
त्यांचं काही नाही. ओळ मी गिळली.

शनि., ९ मे
पत्र नाही. ख्यालीखुशालीचं एक मी टाकलंय: आंबा बरा आहे, सौ.चा गुडघा दुखतो. वरातीमागून घोडं.
उपासाला माणसं वाढताहेत. डोंगरपट्टीतून दोन बायका चालत आल्या. योहानसाठी आल्या. मला ते बघवत नाही.

रवि., १४ जून
काल एस्तेरचं पत्र आलं. योहानची बायको. चारच ओळी, त्याही कुणाच्या तरी हाती पाठवलेल्या.
योहानला शिपायांनी नेलं. कुठे, सांगत नाहीत. ‘दादा, माझ्यासमोर कार्ड धरलं, वाच म्हणाले. वाचून त्यांच्या भाषेत सांगितलं. हे लोक कोण, विचारलं. आमची माणसं, म्हटलं.’
सौ. म्हणते, रतनजींना कळू देऊ नका, म्हातारा हाय खाईल. पण कार्डाचं नाहीच सांगायचं मला. माझं सांगायचंय. ती ओळ मंडळीसमोर आज वाचायचीच, असं ठरवून गेलो. कागद खिशात होता.
रतनजी पायरीवर बसलेले.
“मास्तर, कार्ड पोचनं का योहानले?”
“पोचलं.”
“बरं वाटनं व्हई त्याले.”
हो म्हणालो. कागद खिशातच राहिला.