आवरलेल्या खोलीतली मुलगी

प्रिय भिंगरी,

एकाच घरात राहून पोटच्या मुलीला पत्र लिहायची वेळ यावी, याचा मला संताप आला आहे. तरी लिहिते, मोठ्या अक्षरांत.

तुझ्या घरबसल्या नोकरीचं कौतुक मीच सगळीकडे सांगत फिरले. बसचे धक्के नाहीत, साहेबाचं तोंड बघणं नाही, आणि पगार असा की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवून मी कधी पाहिला नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा न काढता शेजारच्या खोलीतून थेंब घालायला येत होतीस. विसरलेले नाही मी.

मग तुझी कंपनी वाढली. चार टाळक्यांची शंभर झाली, आणि कोणाला एकटं वाटू नये म्हणून दिवसभर कॅमेरा चालू ठेवायचा नियम आला. मागे पसारा दिसतो म्हणून प्रत्येकाने आपलीच खोली एकदा आवरायची, फोटो काढायचा आणि तो कॉम्प्युटरवर आपल्या मागे लावायचा. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी या ढोंगाला छडीच दिली असती. त्यानंतर तू खरी खोली आवरणं सोडलंस. जेवायला हाक मारली की आतून "आलेच गं!" आणि ताट गार. पुढे "आलेच"सुद्धा फोनवर लिहून यायला लागलं.

काल मी दार न वाजवता आत शिरले. कपड्यांचा ढीग, बुरशी आलेले कप, खुर्ची रिकामी. बाथरूम पाहिली, गच्ची पाहिली. तुझ्या चपला दाराशीच. परत आले तर कॉम्प्युटरवर तू हसत बोलत होतीस, त्या आवरलेल्या खोलीत. तिथल्या खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता. इथली खिडकी बंद. मी किंचाळले, तशी तू वळून तिथल्या दाराकडे पाहिलंस आणि वैतागलीस, "आई, पाच मिनिटं दे ना!" त्या दारात कोणीच नव्हतं.

माझा आवाज तुला पोचतो, पण मी कुठे आहे ते तुला कळत नाही. म्हणून हा कागद कॅमेऱ्यासमोर धरून उभी आहे. बाकीचेही वाचत असतील. खुशाल वाचू देत. त्यांच्याही आया रिकाम्या खुर्च्यांपाशी अशाच उभ्या असतील. दाराकडे बघू नकोस, समोर बघ. राजीनामा मागाहून दे, आधी बाहेर ये. हात भरून आलेत माझे, पण कागद खाली घेणार नाही.

खुर्चीच्या या बाजूला,
तुझीच आई