बिननावाची बटणं

महाल, नागपूर. मंगळवार संध्याकाळ, १९७४

माझ्या सुधाकरने घरीच रेडिओ जोडला. आवाज स्वच्छ. आतल्या जोडणीचा नकाशा कोणीही फुकट उतरवून न्यावा, म्हणतो. तरी त्याचा रेडिओ विकत घेत कोणी नाही. शेजारचे वामनराव म्हणाले, "बिघडला तर तुह्या पोराले कुठं शोधू गा?"

आज तो बाहेर होता. बातम्यांसाठी चारही बटणं फिरवली. एकावरही नाव नाही. नावं लिही म्हटलं तर हसतो. रेडिओतून नुसती खरखर. शेवटी वामनरावांकडे जाऊन कंपनीचा रेडिओ ऐकला.

परतलो तर सुधाकर दारात. "बाबा, उद्या पहिलं गिऱ्हाईक येऊन राहिलं, नंदनवनातून. तुम्हीच लावून दाखवा. म्हाताऱ्यालेही जमते, हे त्याले दिसू द्या."

हो म्हणून बसलो. तो आत गेल्यावर पुन्हा बटणं फिरवली. खरखरच. त्याला आत्ताच सांगावं का, की मलाच येत नाही?