जाडोबाचा खाऊ

४ एप्रिल

चि. बेडकीस मावशीचे अ. उ. आ.

इकडचं सगळं ठीक म्हणायचं, पण जाडोबाचं काही खरं नाही. तुझ्या काकांचा हा म्हातारा मासा रोज सकाळी तळ्यातून तोंड वर काढून आ वासतो. पाणी हिरवंगार झालंय. काका गेले, आता हाही गेला तर मला सहन व्हायचं नाही ग. आणि माझ्या करण्यात काही कमी नाही हो! वरचं छोटं टाकं दर रविवारी लख्ख घासते आणि सगळा गाळ नळीतून खाली तळ्यात सोडते, तेवढाच त्याला खाऊ. तू दिवसभर बरण्यांत तळी घेऊन बसतेस, तर काहीतरी सांग. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी मावशी

९ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण जाडोबाच्या जिवावर तूच उठली आहेस! माझं इथे हेच काम. एक मोठी बरणी, एक छोटी. छोटीतलं पाणी तापवायचं, आतले जीव मेले की ते मोठीत ओतायचं आणि बघत बसायचं. साहेब याला संशोधन म्हणतात, आई भातुकली म्हणते. तर मेलेल्या जिवांचं खत होतं. थोडं असलं तर मोठीची चंगळ, पण सारखं पडत राहिलं की शेवाळ माजतं आणि रात्री पाण्यातली हवाच संपवतं. छोटीचे हाल वेगळे. जागा एवढीशी, जीव मोजके, सावरायच्या आत पुन्हा तडाखा.

तुझं टाकं म्हणजे ही छोटी बरणी आणि तळं म्हणजे मोठी, तेव्हा घासणी लपवून ठेव. उलट तळ्यातलं तांब्याभर पाणी टाक्यात ओतत जा, म्हणजे तिथे जीव परत येतील. एवढं ऐकवल्यावरही लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी बेडकी

२८ मे

चि. बेडकीस अ. उ. आ.

टाक्याकडे बघवत नाही! बुळबुळीत काय, किडे वळवळतात काय, शेजारीण नाक मुरडून गेली. सुरुवातीला हात नुसते शिवशिवत होते. पण तळ्याचा तळ दिसायला लागलाय आणि जाडोबा फक्त खायला वर येतो, तोही ऐटीत. जिंकलीस बाई!

एक मात्र झालं. रविवारी घासायला काही नव्हतं म्हणून काठावर नुसती बसले, आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. इतके महिने त्या घासणीच्या आडून दिवस ढकलत होते ग मी. आता बरं वाटतंय, पण घर फार मोठं वाटतं.

रजा काढ आणि ये. बरण्याही आण, ओट्यावर जागा करून ठेवलीय. पत्रातून लोभ पुष्कळ केलास, आता समोर बसून कर.

तुझी मावशी