तळवासींची सुधारित आवृत्ती

अर्णव,

जयभीम. आधी ‘सप्रेम’ लिहायची सवय आहे, आज लिहीत नाही.

तुझ्या कादंबरीच्या सुधारित आवृत्तीची मुद्रितं वाचली. किळस आली.

पहिल्या आवृत्तीत तुझे गुहेत राहणारे तळवासी जन्मतःच चोर होते, त्यांच्या अंगाला वास यायचा. आता ते जन्मतःच भोळे झालेत. राजपुत्र त्यांच्या घरचं पाणी पितो, तर अख्खी गुहा कृतज्ञतेने रडते. पाणीच प्यायला ना? त्यात रडण्यासारखं काय आहे?

रविवारी जेवताना तू म्हणालास, “आई, पूर्वाशी लग्न झालं, तुमच्याकडे येऊ लागलो, तेव्हा तळवासींकडे नव्याने बघायला शिकलो. पुस्तक तुम्हालाच अर्पण केलंय.” माझी लेक कौतुकाने तुझ्याकडे बघत होती, म्हणून मी तुला फक्त आणखी एक पोळी वाढली.

माझ्या कर्वेनगरच्या घरात तुला तळवासी कुठे दिसले? चोर रंगवलेस, तेव्हाही डोळ्यांसमोर आम्हीच होतो?

छापायच्या आधी माझं नाव काढ. आणि त्या गुहेत एखादा लबाड, एखादा हुशार आणि एक तुसडी बाई घाल. ती राजपुत्राला म्हणेल, “पाणी पिऊन झालं असेल, तर भांडं विसळून ठेवा.”

हे पत्र पाठवणार नाही. येत्या रविवारी तू येशीलच. समोर बसवून सांगेन, आणि या वेळी पूर्वाही ऐकेल.

नंदा