भोपळ्याच्या वेलावरची माणसं

आई, गेल्या रविवारी इथे ड्रेस्डेनमध्ये एका म्युझियमच्या काचेमागे मला बदकं दिसली. रंगवलेली बदकं, आणि प्रत्येकाच्या मानेवर खऱ्या फोटोतून कापून चिकटवलेलं माणसाचं डोकं. मिशाळ पुरुष, अंबाडेवाल्या बायका, सगळे गंभीर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या सधन घरांतल्या बायका असे अल्बम करायच्या, असं शेजारी लिहिलं होतं. कितीतरी वर्षं त्याला कुणी कला म्हटलंच नाही, नुसता विरंगुळा. माझा पाय तिथून निघेना. लेक बाही ओढत ‘का, का’ विचारत राहिली, ‘वारुम, आई?’ मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते जर्मनमध्ये. का थांबले, ते तिला घरी येताना ट्राममध्ये सांगितलं.

मी शाळेत आहे, आणि औरंगाबादच्या आपल्या स्वयंपाकघरात तू बसली आहेस. हातात ब्लाऊज बेतायची कात्री, वाटीत कणकेची खळ, पुढ्यात काकाच्या लग्नाचा ग्रुप फोटो. माझ्या रंगपेटीतले रंग घेऊन तू भोपळ्याचा वेल काढला आहेस आणि त्यावर आजोबा, आत्या, काका भोपळे होऊन लटकताहेत. बाबा कामावरून येतात ते दारातच थबकतात.

‘अगं, लग्नाचा फोटो कापतं का कुणी?’

‘अहो, कापलं कुठे? रांगेत उभं राहून अवघडले होते बिचारे. मोकळं केलं.’

बाबा चिडले होते, तरी स्वतःला शोधायला वाकलेच. तू त्यांना वेलाच्या शेंड्यावर बसवलं होतंस, हातात सनई देऊन. मग त्यांना हसू आवरेना. आत्या मात्र कितीतरी महिने आपल्याकडे फिरकली नाही.

तुला हे सुचलं कुठून गं? तसले अल्बम तू पाहिले असणं शक्य नाही. त्या बायकांच्या नवऱ्यांनाही राग आला असेल का? आणि पुढे अशी पानं जमवून तू अख्खा अल्बम केलास, त्यात स्वतःला एकाही पानावर का लावलं नाहीस? तुझा अल्बम वाळवीने खाल्ला, विचारायला तूही नाहीस. त्या काचेपाशी उभी राहून मी बदकांमध्ये कात्री धरणारीचा चेहरा शोधत होते. कुठला तो, कळणार कसं?

काल ऑफिसातून आले तर लेक जमिनीवर पसरलेली. तुझा एकुलता एक सुटा फोटो तिने कापला होता. मी ओरडणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘आजी विल आउख राउस!’ आजीलासुद्धा बाहेर जायचंय म्हणे. तिने एल्बे नदी रंगवली होती, काठाने रस्ता, आणि रस्त्यावर लाल सायकल. सायकलवर तू, पदर वाऱ्यावर उडतोय. मी तिच्या शेजारी बसले आणि बराच वेळ बघत राहिले. तू छान दिसतेस.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा तिच्या चित्रामागेच ठेवते. तुला सायकल येत नव्हती, हे मी तिला सांगितलेलं नाही.