खंडेनवमीच्या दिवशी दांडा कसा धरावा

चिखली,
खंडेनवमी, दिवेलागणीची वेळ

आदरणीय ज्योतीराम दाजी यांस,

मेहुणा नवनाथ याचा तेलकट हातांनी पण स्वच्छ मनाने नमस्कार. (मन कितपत स्वच्छ आहे ते पुढे कळेलच.) इकडे सगळे खुशाल. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला, ती काळा चष्मा लावून घरभर फिरते आणि दिवसातून तीनदा डोळ्यात थेंब घालून घेते. आमच्या सौ. दीपमालाची तब्येत उत्तम आहे, फक्त आज दुपारपासून ती माझ्याशी बोलत नाही. तुमची शुगर काय म्हणते? (रसवंती काढणाऱ्या माणसाने या प्रश्नावर चिडू नये.) सुमनताईचे गुडघे बरे असतील अशी आशा करतो.

दुपारपासून तुमचे फोन येऊन गेले. मी मुद्दामच उचलले नाहीत. तुम्ही फोनवर "झालं का?" एवढंच विचारता, आणि या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यावं अशी परिस्थिती आज सकाळपासून नव्हती. म्हणून हे पत्र. उद्या उजाडता भीमराजचा टेम्पो चाकणला निघेल, त्यात गोणपाटात गुंडाळलेला दांडा आणि त्यावर बांधलेलं हे पत्र येईल. कृपा करून आधी पत्र वाचा, मग गोणपाट सोडा. उलटं केलंत तर तुमचा माझ्याविषयी गैरसमज होईल, आणि पत्र वाचल्यावर तो आणखी वाढेल.

तुमच्या कंपनीने लाइन गुंडाळून तुम्हाला घरी बसवल्यापासून ताईने या रसवंतीपायी जिवाचं किती रान केलं ते मी पाहिलं आहे. नाक्यावरची जागा तिने मिळवली, घुंगरं तिने आणली, ऊस तिने सांगून ठेवला. दसऱ्याचा मुहूर्त, आईच्या हातून नारळ, पहिला पेलाही आईलाच. आणि ऐन वेळी, परवा चाचणी घेताना चरकाचा दांडाच मोडला. नवा दांडा लेथवाल्याने छान गुळगुळीत करून दिला, पण गिअर बसवायची खाच न पाडताच तो सणाला लातूरला निघून गेला. खाच नाही म्हणजे तिच्यात ठोकायची लोखंडी चावी नाही, चावी नाही म्हणजे गिअर नुसताच गरगरणार आणि दांडा ढिम्म हलणार नाही. बरं, खंडेनवमीला भोसरीपासून चाकणपर्यंत एकही वर्कशॉपवाला मशीन चालवत नाही. काल संध्याकाळी तुम्ही दोघं तो दांडा घेऊन माझ्या दारात उभे राहिलात तेव्हा ताईचे डोळे भरलेले होते. ते बघून मी म्हणालो, "दाजी, चहा घ्या. तासाभराचं काम आहे." दाजी, हे वाक्य मी कुठल्या तोंडाने बोललो ते तोंड मी आज दिवसभर शोधतो आहे.

आता तुम्हाला वाटेल, जन्मभर कंपनीत मिलिंग केलेल्या, म्हणजे फिरत्या कटरने लोखंड कोरलेल्या माणसाला एक खाच ती काय. पण कंपनीत वस्तू धरायला फिक्स्चर असतं, दुसऱ्या कुणीतरी डोकं लावून बनवलेलं. आपण वस्तू ठेवायची, दांडी ओढायची आणि चहाची वाट बघायची. घरच्या पार्किंगमधल्या भंगारातून आणलेल्या मशीनला फिक्स्चर कुठलं? गोल वस्तू धरायची खरी रीत मला माहीत आहे. मधोमध इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेले दोन लोखंडी ठोकळे असतात, त्यांना व्ही-ब्लॉक म्हणतात. त्या खाचांत दांडा आडवा ठेवला, वरून क्लॅम्प आवळले, की तो लोळू म्हणत नाही. असे दोन ठोकळे माझ्याकडे आहेतही. पण पूजेसाठी ते मी भल्या पहाटे रॉकेलने धुऊन, तेल लावून, लख्ख करून पाटावर मांडले होते. मांडलेलं कोण उचलणार? म्हटलं, व्हाइसच्या पकडीत भागेल.

भागलं नाही. व्हाइसचे दोन्ही जबडे सपाट, दांडा गोल. जबडे त्याला दोन्ही बाजूंनी जेमतेम रेघभर टेकतात. दांड्याला ओरखडा नको म्हणून मी मध्ये वर्तमानपत्राची घडी घातली (हा शहाणपणा माझा स्वतःचा), हँडलला लोंबकळून आवळलं आणि कटर खाली घेतला. दोन-तीन बोटं काम सुरेख झालं. मग दांडा कुशीवर वळला. झोपेत माणूस वळतो तसा, अगदी सावकाश. कटरने त्याला तिरका चावा घेतला, कडाड् आवाज झाला आणि कटरचं टोक माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात, नेमकं दसऱ्याच्या चौकोनात घुसलं. दाजी, मी खालीच बसलो. कान जागेवर आहे हे दोनदा चाचपून पाहिलं. दांड्यावर कुऱ्हाडीच्या घावासारखी तिरकी जखम, डब्यात शेवटचा कटर, आणि दांडाही एकच.

शेवटच्या कटरने पुन्हा दांड्यावर प्रयोग करायची हिंमत होईना, म्हणून मी जबड्यांवर पाण्याच्या पाइपच्या पट्ट्या बांधून आधी दीपमालाचं लाटणं धरून पाहिलं. (ती आंघोळीला गेली होती.) लाटणं फिरलं, सुटलं आणि समोरच्या बबनरावांच्या अंगणात जाऊन पडलं. बबनराव म्हणजे इथले मूळचे पाटील, आमचे जुने घरमालक. ते लाटणं हातात घेऊन आले. एका बाजूने ते सोललेलं होतं. "नवनाथराव," ते म्हणाले, "सणासुदीला बायकांची भांडणं व्हत्यात, पण मशिनीनं लाटणं फेकल्यालं म्या पयल्यांदाच बघतोय." दीपमाला माझ्याशी बोलत नाही त्याची सुरुवात इथून झाली.

एवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन खाली आली. "नवनाथ, बंद कर ते. आता उद्यापत्तुर हत्याराला हात लावायचा न्हाई." झालं! व्ही-ब्लॉकवर हळदकुंकू, झेंडूची रास, मशीनला हार, कटरच्या डब्याला गंध. मी हात जोडून उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं, की मला हवी असलेली प्रत्येक वस्तू आता देव झाली आहे. आईचं तुम्हाला ठाऊक आहे. मागे एका खंडेनवमीला मी ग्राइंडरवर नुसती विळीला धार लावली, तर त्या विळीवर चिरलेली भाजी तिने दिवाळीपर्यंत खाल्ली नाही. भांडली नाही, बोलली नाही, फक्त ताट बाजूला सारलं. उद्या भर मुहूर्ताला, चार लोकांसमोर तिने ताईच्या हातचा पहिला पेला असाच बाजूला सारला तर? आणि दांडाच झाला नाही तर पेलाच कुठला? दोन्हीकडून माझीच मान अडकली होती. जेवताना पुरणपोळीचा घास घशाखाली उतरेना. (तिसरी पोळी मी केवळ दीपमालाला संशय येऊ नये म्हणून खाल्ली.)

जेवणानंतर आई वर जाऊन आडवी झाली आणि मी पाप करायचं ठरवलं. दीपमालाला विनवलं की मी सांगेपर्यंत मिक्सर बंद करू नकोस, म्हणजे मशीनचा आवाज त्यात लपेल. तिने मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे टाकले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यात लाटण्याचाही हिशोब आला. खाली येऊन मी झेंडूखालून दोन्ही व्ही-ब्लॉक अलगद काढले. पाटावर खळगा दिसू नये म्हणून त्यांच्या जागी कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या ठेवल्या, मापाने अगदी तेवढ्याच, आणि वरून फुलं सारखी केली. मशीनचा हार काढून खिळ्याला अडकवला. ठोकळे टेबलावर बसवले, दांडा खाचांत ठेवला, जखम बरोबर वर येईल असा फिरवला, म्हणजे नवी खाच तिला गिळून टाकेल. क्लॅम्प आवळले. देवाचं नाव घेणार होतो, पण कुठल्या तोंडाने घेणार? तसाच कटर खाली घेतला.

दांडा हलला नाही. कटर पुढे सरकत होता, चुरा उडत होता, वर मिक्सर किंचाळत होता. अर्धी खाच झाली आणि मिक्सर बंद पडला. (गरम होऊन. तो अजून बंदच आहे.) मी झटकन मशीनचं बटण दाबलं. त्या शांततेत जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. हार ओढून मशीनवर टाकला, उपरणं दांड्यावर पसरलं आणि स्वतः पुढे उभा राहिलो, छाती फुगवून. आई तांब्या घेऊन आली. म्हणाली, "फुलं सुकाया लागली," आणि पाटावर पाणी शिंपडलं. दाजी, झेंडूतून फेस आला. आधी एक बुडबुडा, मग पांढराशुभ्र, निरम्याचा वास येणारा फेस. आई वाकून बघत राहिली. मग तिने पदराने चष्म्याची काच पुसली, "बरं," म्हणाली, आणि जशी आली तशी वर गेली. डोळ्यात नुकतेच थेंब घातले होते, म्हणून वाचलो.

उरलेली खाच कशी पूर्ण केली ते मला आठवत नाही. पण झाली. चावी हातोडीच्या एका हलक्या टोल्यात बसली, गिअर चढवून पाहिला, तीळभर खेळ नाही. जन्मात इतकी सुरेख खाच मी पाडली नव्हती आणि ती कुणाला दाखवायची सोय नाही, याचं मात्र फार वाईट वाटतं. ठोकळे पुसून परत झेंडूखाली गेले, साबण मोरीत गेला. ताईला माझा नमस्कार सांगा, तुमचा धंदा भरभराटीला येवो, घुंगरं वाजत राहोत.

आपला,
नवनाथ

ता. क. : खाचेच्या शेजारी नखाएवढा टवका राहिला आहे. तो गिअरच्या आत जाईल अशी बाजू धरा. ताईने विचारलं तर लेथवाल्याचं नाव सांगा, तो लातूरला आहे.

ता. क. २ : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. आईला कुणी विचारलं, किंवा तिने विचारलं, की दांड्याची खाच कधी पाडली, तर म्हणा की नवनाथने सकाळी पूजेआधीच पाडून ठेवली होती. मी खोटं बोललो तर ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखते, तुमचं तोंड तिला अजून परकं आहे. ताईची सगळी उमेद त्या पहिल्या पेल्यावर आहे, दाजी. तो परत जाता कामा नये. पत्र वाचून लगेच फाडा.

ता. क. ३ : आपट्याची पानं आईने आपल्या हाताने गोणपाटात घातली आहेत. तिने गोणपाट सोडून बांधला तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो. पत्र घडीतच होतं.

जावईबापू, मी तुमची सासू शालनबाई लिहितेय, नवनाथ झोपल्यावर गोणपाटावरचं पत्र सोडून. चौथी पास हाय, वाचता येतं. डोळ्याचं आप्रेशन झाल्यापासून मला साबण आन लोखंड चांगलं वेगळं दिसतं. जेवायच्या आधीच मी अक्षता टाकून पूजा हलवली व्हती, त्याला ठोकळे उचलता यावे म्हणून. लेकीचं दुकान अडवून धरील असली पूजा मी कशाला मांडू. तेच सांगाया खाली गेले तर हा हारामागं उभा, धनी चोरासारखा. मला लई हसू आलं म्हणून वर निघून आले. त्याला सांगू नका, दोन दिवस भिऊ द्या, लाटणं माझ्या सासूचं व्हतं. सुमनला म्हणावं पयला पेला माझाच. आलं-लिंबू घाल, बरफ नको.