पाटी दिसत नाही, सबब रांजण हटविणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय, सिल्वासा

विषय: मंदिराच्या फाटकालगतचे पाण्याचे दोन रांजण अतिक्रमण समजून उचलणेबाबत.
संदर्भ: विश्वस्त मंडळाचा रविवारचा ठराव (एकमताने मंजूर, अर्जदारानेही हात वर केला होता).

महोदय,

अर्जदार शाळेत शिक्षक असून नरोली रस्त्यावरील मंदिराचा चिटणीस आहे. मंडळाच्या आदेशावरून तो कळवितो की, कमळाबाई नावाची वृद्धा फाटकापाशी रांजण मांडून बसते आणि पाळी सुटली की कारखान्यांतले कामगार तेथे गर्दी करतात. त्यामुळे फाटकावरील संगमरवरी पाटी झाकली जाते. पाटीवर 'तहानलेल्यास पाणी देणे हाच धर्म' असे कोरलेले आहे. मजकूर अर्जदाराचाच आहे.

कामगारांनी आतल्या थंड पाण्याच्या मशीनवर जावे, असे मंडळाचे म्हणणे. परंतु ते पाणी फक्त दर्शन घेतलेल्यांसाठी आहे, आणि कंपनीचे बूट घालून आवारात येण्यास मनाई आहे. ती सूचनाही अर्जदारानेच सुवाच्य अक्षरात लिहून लावली.

अर्जदार नोटीस घेऊन गेला असता बाईंनी आधी त्याला पेला भरून दिला. मग म्हणाल्या, "मास्तर, देव मी पाण्याच्या राखणीले बसवेल होता. आता देवासाठी पाणी उठवता का?" हे खरे आहे. बाई नंदुरबारकडून मजुरीला आल्या तेव्हा त्यांनी येथे नुसते रांजण मांडले होते. येणारेजाणारे रांजणांना लाथा मारीत, म्हणून बाईंनी शेजारी शेंदूर लावलेला दगड ठेवला. त्या दगडाचे मंदिर झाले, मंदिराला मंडळ आले, आणि मंडळाच्या डोळ्यांत आता रांजण खुपतात. अर्जदारास हे सारे ठाऊक होते. नोटीस खिशातच राहिली.

अर्जासोबत पाटीचा फोटो हवा, म्हणून अर्जदाराने कामगारांना बाजूला व्हायला सांगितले. ते पेले हातात धरून निमूट उन्हात सरकले. एकाने तर पाटीवरची धूळ आपल्या गमछ्याने पुसून दिली.

सबब विनंती की, सदर अर्ज आपण कृपा करून फेटाळावा. चिटणीस या नात्याने तो पाठविणे अर्जदारास भाग आहे, पण तो मंजूर झाला तर त्याला त्या रस्त्याने जाण्याचे तोंड उरणार नाही. फाटकापासून काही हटवायलाच हवे असेल, तर पाटी हटवावी. ती जड आहे. उचलायला अर्जदार स्वतः येईल.

आपला ओशाळलेला,
सुधाकर मेस्त्री
सिल्वासा, दि. २४ एप्रिल २०२५

सोबत: ठरावाची प्रत, पाटीचा फोटो (माणसे वगळून).